मोठ्या बाईंचं बॉक्सिंग

देवळाली प्रवरात मी खोली बघायला गेले तेव्हा रविवारची सकाळ होती. शाळेत नुकतीच लागले होते. "मोठ्या बाईंची वरची खोली रिकामी आहे, विचारून बघा," असं स्टाफरूममध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून गेले. कडी वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, हजारो माणसं एकदम ओरडत होती, पण दार काही उघडेना. पुन्हा वाजवली. तेव्हा शेजारच्या अंगणात मेथी निवडत बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "वाईच थांबा. घंटा झाल्याबिगर त्या उठायच्या न्हाईत."

"कसली घंटा?"

"टीव्हीतली."

खरंच आत घंटा वाजली आणि दार उघडलं. समोर पासष्टीच्या, ठेंगण्या बाई. इस्त्रीची सुती साडी, जाड चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा. "एक मिनिट आहे," त्या म्हणाल्या. "बोला."

मी बोलले, त्याही बोलल्या. पाणी सकाळी येतं. गच्चीवर कपडे घातले तर चिमटे लावायचे. खोलीत अंडी शिजवायची नाहीत, बाहेर काय खाता ते मी विचारणार नाही. "गाव कुठलं?"

"पारनेर."

त्यांनी मान वळवून टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर एका कोपऱ्यात एक काटक, घामानं निथळणारा माणूस स्टुलावर बसला होता आणि कुणीतरी त्याच्या भुवईवर काहीतरी दाबून धरलं होतं. "म्हणजे तो तुमचा," बाई म्हणाल्या. "किल्ली खिळ्याला आहे, घ्या." आत पुन्हा घंटा झाली आणि दार बंद झालं.

पारनेरचा तो माणूस मेक्सिकोचा होता, हे मला मागाहून कळलं.

बाईंना परदेशी नावं लक्षात राहत नसत, किंवा त्या ठेवत नसत. कुठलीही लढत सुरू झाली की पहिल्या फेरीत त्या दोघांना गावं वाटून टाकायच्या. एक कोपरगावचा आणि एक पारनेरचा. कोपरगावचा म्हणजे पाटपाण्यावर वाढलेला. उंच, अंग भरलेलं, हात लांब, चाल ऐटीची, अजून फारसा मार न खाल्लेला. पारनेरचा म्हणजे पावसाच्या भरवशावर जगणारा. आहे तेवढ्यात भागवायचं, पहिली पेरणी वाया गेली तर दुसरी करायची. बाई स्वतः कोपरगावच्या, गोदाकाठच्या भिक्षुकाच्या घरातल्या. तरी त्यांचा जीव नेहमी पारनेरवाल्यात. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझं गाव आहे, मला त्याच्या खोडी माहीत आहेत."

गावात त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण भाजीवाला, डॉक्टर, सोसायटीचे चेअरमन, सगळे त्यांचे विद्यार्थी. संस्कृत आणि मराठी शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. स्वभाव इतका मऊ की न्हाणीघरात झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन बाहेर बागेत सोडायच्या. आणि याच बाई रविवारी सकाळी अंघोळ, पूजा आटोपून, देवाला जास्वंदीचं फूल वाहून, टीव्हीसमोर मांडी घालून बसायच्या आणि दोन माणसं एकमेकांना ठोकत असताना पापणी लववायच्या नाहीत. तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, हे त्यांना देवाच्या कृपेसारखं वाटायचं. "बघ, वेळसुद्धा कशी सोयीची ठेवली आहे!"

मला खूप कुतूहल वाटायचं. ही आवड आली कुठून?

शाळेतल्या शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, "शाळेत असल्यापास्नं हायेच त्यांचं ते. दोन पोरं भांडली की ऑफिसात बोलवायच्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं गप ऱ्हायचं. मी टेबलावरची घंटी वाजवायची. मग दुसऱ्यानं बोलायचं. मधी पानी प्यायचं. शेवटी निकाल. एकदा तर दोन मास्तरांचं बी तसंच केलं हुतं. सहामाहीच्या सुपरव्हिजनवरनं जुंपली हुती त्यांची. तिसऱ्या घंटीला दोघं बी हसाय लागले."

शेजारच्या मावशींचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते बाईंचं लग्न कुणीतरी मोडलं होतं आणि तो राग असा निघत होता. "त्याचं तोंड दिसत आसंल त्यांना त्या टीव्हीत," त्या अगदी खात्रीनं सांगायच्या. स्वतः मावशी मात्र जवळजवळ प्रत्येक रविवारी भाजी निवडायला बाईंकडेच येऊन बसायच्या आणि पहिल्या रक्ताला, "आवं, दवाखान्यात न्या की त्याला!" असं ओरडायच्या.

आणि बाईंना विचारावं तर दर वेळी नवं उत्तर. "दोघंच असतात, लक्षात ठेवायला सोपं." "मालिकांपेक्षा कमी रडारड असते." एकदा म्हणाल्या, "जिंकला कोण ते पेपरात येतं गं. कसा जिंकला ते बघावं लागतं." यातलं खरं उत्तर कुठलं ते कळायचं नाही. एवढं कळलं होतं की 'मारामारी' हा शब्द त्यांना खपत नाही. कुणी तो वापरला की त्या चष्मा काढून त्या माणसाकडे बघायच्या, आणि तेवढं पुरायचं.

मी वर राहायला गेल्यावर वर्षाच्या आतच केबलवाल्याच्या चॅनेलवर बॉक्सिंग दिसायचं बंद झालं. बाई दोन रविवार गप्प गप्प होत्या. तिसऱ्या रविवारी जिना चढून वर आल्या, आणि गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नसत. म्हणाल्या, "तुझ्या मोबाईलमध्ये ते येतं का गं?" येत होतं. मोबाईल टीव्हीला जोडून दिला, आणि अशी मी त्या बैठकीत ओढली गेले.

त्यांच्या बैठकीचे नियम होते. फेरी चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही, दार उघडायचं नाही. दूधवाल्यालासुद्धा हे माहीत होतं. तो बाहेर सायकलवर एक पाय टेकून घंटेची वाट बघायचा. पोहे खायचे ते दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात. बाईंसमोर दोन वाट्या असायच्या, एक कोपरगावची आणि एक पारनेरची, आणि फेरी संपली की ज्यानं ती जिंकली त्याच्या वाटीत एक चिंचोका पडायचा. कुणी खाली पडला तर दुसऱ्याच्या वाटीत दोन. पंचांचा निकाल जाहीर होण्याआधी बाईंचा निकाल लागलेला असायचा. मग दोन्ही निकाल जुळतात का हे बघण्यातच त्यांचा जीव अडकलेला असायचा. जुळले नाहीत तर दुपारभर अस्वस्थ. "माझं काय चुकलं?" असं विचारायच्या. पंचांचं काय चुकलं, असं कधीच नाही.

एखादी लढत दुसऱ्या फेरीतच एका ठोशात संपली की मला हायसं वाटायचं, त्यांना मात्र वाईट वाटायचं. "काही कळलंच नाही त्या दोघांबद्दल," त्या म्हणायच्या आणि टीव्ही बंद करून तुळशीला पाणी घालायला जायच्या.

हळूहळू मला दिसायला लागलं. आधी मला फक्त ठोसे दिसायचे. मग पाय दिसायला लागले. मग दिसलं की एक माणूस दुसऱ्याला मारायच्या आधी त्याला एका ठरावीक जागी उभं करतो, त्यासाठी तीन-तीन फेऱ्या खर्च करतो. फळ्यावर गणित मांडतात तसं. बाई काही शिकवायच्या नाहीत. फक्त मधल्या मिनिटात विचारायच्या, "त्याचा उजवा पाय बघितलास?" मी नाही म्हटलं की पुढच्या फेरीत मी उजवा पायच बघायचे.

ज्या रविवारबद्दल मला सांगायचं आहे, त्या रविवारची लढत बाराव्या फेरीपर्यंत जाणार हे बाईंना आदल्या दिवसापासूनच वाटत होतं. कोपरगावचा त्या दिवशी खराखुरा कोपरगावचा होता. सव्वासहा फूट उंच, एकही लढत न हरलेला, अंगावर ओरखडा नाही. पारनेरचा वयानं मोठा, बुटका, दोन्ही भुवयांवर जुन्या जखमांचे वण, आणि कान चुरगळलेल्या पुरचुंडीसारखे. पहिली फेरी पूर्ण कोपरगावची. डावा हात लांबवून तो पारनेरवाल्याला दारातच उभं करत होता. मावशी मेथी घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं होतं.

दुसरी फेरी चालू असताना ते दार उघडलं. उंबऱ्यावर एक ताठ, उंच गृहस्थ उभे होते. पांढऱ्या कातरलेल्या मिशा, हातात पत्रिकांची पिशवी. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर टीव्हीवर गेली. बाईंनी मान वळवली, त्यांना बघितलं, आणि मी पहिल्यांदाच बाईंना फेरी चालू असताना टीव्हीवरून नजर काढताना बघितलं.

ते गृहस्थ म्हणाले, "कितवी?"

"दुसरी," बाई म्हणाल्या. "बस, दादा."

मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "भाऊ," त्या कुजबुजल्या. "नगरचा. मिल्ट्रीतला. येत-जात न्हाईत एकमेकांकडं."

घंटा झाली. दादा खुर्चीच्या कडेवर बसले. "नातीचं लग्न आहे," ते पिशवीकडे बघत म्हणाले. "पत्रिका द्यायला आलो होतो. मुलगा मला सोडून राहुरीला गेलाय बाकीच्या द्यायला. येईल तासाभरात." मग त्यांनी वाट्या बघितल्या, चिंचोके बघितले. "बेबी, तू हे बघतेस?"

मोठ्या बाईंना कुणी बेबी म्हणू शकतं, हे पचवायला मला वेळ लागला.

"बघते."

"कधीपासून?"

"घंटा झाली," बाई म्हणाल्या.

दुसरी कोपरगावला गेली, तिसरीही. चौथीत काहीतरी बदललं. पारनेरवाल्यानं तोंडाचा नाद सोडला आणि खाली वाकून बरगड्यांवर मारायला सुरुवात केली. तो एक मारायचा आणि त्यासाठी दोन खायचा. ठोशाचा आवाजसुद्धा वेगळा होता, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. "आता कसं!" दादांच्या तोंडून निघालं. फेरी चालू होती, पण बाई रागावल्या नाहीत. चिंचोका पारनेरला गेला. पाचवीत, सहावीत पुन्हा पारनेरला.

"त्याचा डावा हात खाली यायला लागलाय," मधल्या मिनिटात दादा म्हणाले.

"बरगडी झाकतोय," बाई म्हणाल्या.

"हां. म्हणजे तोंड उघडं पडणार."

"पण याला तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे ना."

दोघंही टीव्हीकडे बघून बोलत होते. मला वाटतं, कितीतरी वर्षांत ती दोघं एवढं बोलली नव्हती.

सातवीत पारनेरवाल्याची भुवई फुटली. रिंगजवळचा डॉक्टर चढून आला, बॅटरीच्या उजेडात त्यानं त्याचा डोळा बघितला. मावशी पदर तोंडावर घेऊन म्हणाल्या, "बास करा म्हनावं आता. ल्योक कुनाचा तरी आसंल त्यो." पण डॉक्टरनं होकारार्थी मान हलवली आणि लढत चालू राहिली. चिंचोका कोपरगावला गेला. आठवी पारनेरनं अर्ध्या डोळ्यानं जिंकली. आणि नववीत कोपरगावच्यानं खालून वर असा एक ठोसा आणला की पारनेरचा गुडघ्यावर बसला.

दादा खुर्चीवरून उठले.

रेफरी आकडे मोजत होता. पारनेरचा एका गुडघ्यावर, एक हात जमिनीला टेकवून बसला होता. तो रेफरीकडे बघत होता, शांतपणे, बसची वाट बघावी तसा. उठता येत होतं तरी तो उठत नव्हता. आठपर्यंत त्यानं प्रत्येक आकडा विश्रांती म्हणून वापरला आणि मग उभा राहिला. "शाब्बास," बाई पुटपुटल्या, आणि कोपरगावच्या वाटीत दोन चिंचोके टाकले.

दहावीत सगळ्यांना वाटलं आता कोपरगावचा त्याला संपवणार. झालं उलटंच. पारनेरचा सरळ पुढे चालत गेला आणि फेरी घेऊन आला. अकरावी तर मी अजून विसरलेले नाही. कोपरगावच्याला लांब राहता आलं असतं, हात लांबवून, गोल फिरून वेळ काढता आला असता. तो पुढं होता. पण तो थांबला. रिंगच्या मधोमध पाय रोवून त्यानं पारनेरवाल्याशी समोरासमोर सामना केला. तीन मिनिटं दोघांपैकी कुणीही पाऊलभर मागं गेलं नाही. दोघांची तोंडं उघडी, दोघांचे हात जड झालेले, तरी एकाचा ठोसा संपला की दुसऱ्याचा. सगळं स्टेडियम उभं होतं. मावशी भाजी विसरल्या होत्या. घंटा झाली तेव्हा ते दोघे एकमेकांवर टेकून उभे राहिले आणि रेफरीला त्यांना आपापल्या कोपऱ्यात न्यावं लागलं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "पळता आलं असतं त्याला," त्या म्हणाल्या. "नाही पळाला. आज कोपरगावला मी नावं ठेवणार नाही." चिंचोका मात्र पारनेरच्या वाटीत पडला. दोन्ही वाट्या बरोबरीत आल्या.

बारावी फेरी संपल्यावर बाई चिंचोका हातात धरून बसल्या. दोन्ही बॉक्सर एकमेकांना मिठी मारून काहीतरी बोलत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नसावी. बाईंनी डोळे मिटले, काहीतरी आठवून बघितलं, आणि चिंचोका कोपरगावच्या वाटीत टाकला.

"काय?" दादा म्हणाले. "बारावी पारनेरची होती, बेबी!"

"शेवटचं मिनिट त्याचं होतं. पहिली दोन नव्हती."

टीव्हीवर निकाल झाला. तीन पंचांपैकी दोघांनी कोपरगाव म्हटलं, एकानं पारनेर. "चोरी आहे ही!" दादा मोठ्यानं म्हणाले. "सरळसरळ चोरी. ज्यानं एवढं सोसलं त्याला..."

"चोरी नाही, दादा. थोडक्यात गेली, पण हरला तो."

दादांचा चेहरा बदलला. टीव्हीतल्या माणसाबद्दल ते आता बोलत नव्हते हे मला समजलं, पण कशाबद्दल ते समजलं नाही. त्यांनी पत्रिका काढून टेबलावर ठेवली, अक्षतांची पुडी तिच्यावर ठेवली आणि चपला शोधायला लागले. मुलगा अजून आलेला नव्हता. तरी ते निघाले होते.

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस," ते चपलेत पाय घालत म्हणाले. "अगदी ह्याच शब्दांत. सगळी पलटण म्हणत होती पंचांनी अन्याय केला. घरातलं एकच माणूस बघायला आलं होतं, आणि ते समोरच्याच्या बाजूचं निघालं."

"दादा," बाई म्हणाल्या, "तुझी लढत मी बघितली नव्हती."

ते थांबले.

"आले होते. बाबांना मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून एसटीनं नगरला आले होते. पुढच्या रांगेत बसले होते. पहिल्याच ठोशाला तुझ्या नाकातून रक्त आलं आणि मी पदर तोंडावर घेतला. तो शेवटची घंटा झाल्यावर काढला. मधलं मी फक्त ऐकलं. नंतर तू आलास, तोंड एवढं सुजलेलं, आणि मला विचारलंस, मी जिंकलो होतो ना, खरं सांग. मी म्हटलं नाही, तो चांगला खेळला." बाईंचा आवाज वर्गात धडा वाचतात तसा एकसारखा होता, फक्त हात साडीच्या निऱ्या सारख्या करत होते. "तू परत कधी रिंगमध्ये जाऊ नयेस म्हणून बोलले. आणि तू गेला नाहीस. म्हणजे माझ्या बोलण्यानं तुझं खेळणं सुटलं, आणि मी काय बोलत होते ते मलाच माहीत नव्हतं. मग वाटलं, निदान हे असतं काय ते तरी बघावं. म्हणून बघायला लागले. नंतर आवडायलाच लागलं."

इतके महिने मी जे शोधत होते ते असं अचानक समोर आलं, आणि मला ते ऐकायला आपण इथं नको होतो असं वाटलं. मावशींनाही तसंच वाटलं असावं. "भाकरी टाकायच्या ऱ्हायल्यात माज्या," असं म्हणत त्या मेथी तिथंच टाकून गेल्या.

दादा उंबऱ्यावर पाठमोरे उभे होते. बाहेर ऊस भरलेला एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग वळून म्हणाले, "ऊठ. अंगणात चल."

"कशाला?"

"चल म्हणतो ना!"

बाई पायरीवर जाऊन बसल्या. दादांनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या आणि तुळशीपुढच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. "नीट बघ," ते म्हणाले. "ही पहिली."

आणि सत्तरीला आलेल्या त्या माणसानं अंगणात ती लढत पुन्हा केली. समोर कुणी नव्हतं, पण होतं. दादा डावीकडून पुढं सरकायचे आणि एकदम त्यांची मान मागे जायची, म्हणजे तिथं त्यांनी खाल्ला होता. "हा नाकावर. तू इथं डोळे मिटलेस," ते धापा टाकत सांगत होते. "मग मी चिडलो. चिडून सरळ गेलो. चूक. हा आणखी एक खाल्ला, कानाखाली." दुसऱ्या फेरीत ते कमरेत वाकले आणि हात गुडघ्यावर ठेवून उभे राहिले. आधी मला वाटलं त्यांना दम लागला, म्हणून मी पुढं झाले. पण ते म्हणाले, "थांब पोरी, इथं मी असाच वाकलो होतो." खरा दमही लागलेला होताच. तिसरी फेरी त्यांनी फार सुंदर केली. पाय हलके झाले, खांदे सैल झाले, डाव्या हाताच्या दोन टोचण्या आणि मागून उजवा, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि समोरचा अदृश्य माणूस मागं मागं कुंपणापर्यंत गेला. तिथं दादा थांबले. घंटा झाली असावी.

मला जे फार भावलं ते हे, की त्यांनी स्वतःच्या बाजूचं काही वाढवलं नाही. खाल्लेला एकही ठोसा लपवला नाही.

बाईंनी सगळा वेळ त्यांच्यावरून नजर काढली नव्हती. "दुसऱ्या फेरीतलं ते वाकायच्या आधीचं परत दाखव," त्या म्हणाल्या.

दादांनी मुकाट्यानं परत दाखवलं.

"बरं."

"आता सांग," दादा म्हणाले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

बाईंनी बोटांवर तीन फेऱ्या मोजल्या. मग म्हणाल्या, "तिसरी तुझी. तिसरी अप्रतिमच. पण पहिल्या दोन त्याच्या. हरलास तू, दादा."

मला वाटलं संपलं. पण दादा अंगणातल्या दगडावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, म्हणून मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "माझाही हिशेब तोच आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. रिंगमधून उतरायच्या आधीपासून. लढणाऱ्याला कळतंच की."

"मग माझ्यावर एवढी वर्षं राग कशाचा?" बाई पहिल्यांदाच चिडून बोलल्या. "खरंच बोलले होते ना मी?"

दादांनी पेल्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं. "पंच पुष्कळ होते तिथं, बेबी," ते म्हणाले. "बहीण एकच होती."

पायरीला हात टेकून, गुडघे सांभाळत बाई उठल्या. अंगणातून चालत दादांपाशी गेल्या. त्यांचं मनगट धरलं, त्यांना दगडावरून उठवलं आणि त्यांचा उजवा हात उंच वर केला. बाई ठेंगण्या, दादा उंच, त्यामुळे बाईंना टाचा उचलाव्या लागल्या. तशाच उभ्या राहून त्या हळूच म्हणाल्या, "निकाल तोच आहे हं."

"असू दे," दादा म्हणाले. "हात खाली नको घेऊस इतक्यात."

कुंपणापलीकडून टाळ्या ऐकू आल्या. मावशी पिठाच्या हातांनी उभ्या होत्या. काय चाललं आहे हे त्यांना अजिबात कळलं नसणार. मला बघून त्यांनी खुणेनं विचारलं, कोण जिंकलं?

मीही टाळ्या वाजवायला लागले.